आपोआप मिटणारी दारं : सर विश्वेश्वरय्या



दरवर्षी १५ सप्टेंबरला आपल्या पोर्चमध्ये टेबलावर एक फोटो ठेवला जातो. म्हैसुरी फेटा, बंद गळ्याचा कोट आणि करारी नजर. हार घातला जातो, सरांचं भाषण होतं, चहा-बिस्किटं होतात आणि आपण लेक्चर बुडाल्याच्या आनंदात होस्टेलकडे निघतो. फोटो कुणाचा हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण या माणसानं नेमकं काय केलं, असं वायवाला विचारलं तर आपल्यापैकी बहुतेकांचं उत्तर 'धरणं बांधली' इथंच संपेल. माझंही तिथंच संपायचं. यंदा प्रोजेक्टच्या भानगडीत मात्र त्यांची ओळख जरा नीट झाली, म्हणून हा लेख.

झालं असं. आमच्या चौघांच्या ग्रुपनं प्रोजेक्ट क्लाऊडवर ठेवला होता. डेमोच्या आदल्या रात्री घाई होती, म्हणून सगळ्यांना सगळ्या फायलींवर पूर्ण अधिकार देणारी एक पॉलिसी जोडून टाकली. पॉलिसी म्हणजे कोणी, कशावर, काय करायचं याचा लेखी नियम. डेमो झाला, आम्ही वडापाव खायला गेलो आणि ती पॉलिसी तशीच राहिली. महिनाभरानं एका चाचणीच्या स्क्रिप्टनं, अंगात तेच अधिकार शिल्लक असल्यामुळं, निकालांचा अख्खा फोल्डर साफ केला. सबमिशन आठ दिवसांवर! मग आम्ही चिडून जुन्या पॉलिस्या आपोआप काढून टाकणारा वर्कफ्लो लिहिला. त्यानं पहिल्याच फटक्यात चालू साईटला लागणारी पॉलिसीही उडवली. आधी दार उघडं राहिलं म्हणून नुकसान, नंतर भलतंच दार बंद झालं म्हणून नुकसान.

गाईड सर रागावले नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं, की खडकवासल्याच्या जुन्या दरवाजांबद्दल वाचून या. मी लायब्ररीत गेलो तो धरणाच्या दरवाजासाठी, आणि बाहेर आलो तो एका माणसाचं चरित्र घेऊन.

पुण्याचा विद्यार्थी

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ चा. गाव मुद्देनहळ्ळी, तेव्हाच्या म्हैसूर संस्थानातलं, चिक्कबल्लापूरजवळचं. घरात विद्या होती, पण पैसा नव्हता. वडील लहानपणीच गेले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना खर्च भागवायला ते शिकवण्या घेत. बी.ए. झाल्यावर म्हैसूर सरकारच्या मदतीनं ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इंजिनिअरिंगसाठी आले. हेच पुढं सीओईपी झालं. म्हणजे हा मोठा माणूस आपल्यासारखाच, घर सोडून परमुलखात राहून शिकलेला विद्यार्थी. फरक एवढाच, की १८८३ च्या परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले, आणि आपण एटीकेटीत अडकतो!

१८८४ मध्ये मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात ते असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागले. पहिली नेमणूक नाशिकला. लगेचच खानदेशातलं काम आलं. धुळ्याकडच्या पांझरा नदीच्या पाटाचं पाणी नळाच्या सायफननं पलीकडं न्यायचं होतं. तेविशीतला पोरगा, ऐन पावसाळा, नदीला पूर. काम पुढं ढकलावं असं त्यांना वाटत होतं. वरिष्ठांना ते पटलं नाही, तेव्हा त्यांनी कुरकुर न करता काम पूर्ण करून दाखवलं.

याच पांझरेच्या खोऱ्यात फार जुनी फड पद्धत होती. बंधाऱ्याचं पाणी पाटानं येई, गावची जमीन फडांत वाटलेली असे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, फड आळीपाळीनं बदलायचे, आणि पाटकरी सांगेल त्याप्रमाणं पाणी घ्यायचं. कुणाची किती जमीन, तो गावचा पाटील की गरीब, हे पाण्याला विचारायचं नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांत विश्वेश्वरय्या अशा मुलखात वावरत होते, एवढं लक्षात ठेवा. पुढं उपयोगी पडेल.

नंतर सिंध. तो तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. सिंधू नदीकाठच्या सक्कर शहराला पिण्याचं पाणी द्यायचं होतं. नदी गढूळ, आणि गाळण्याची यंत्रणा बसवायला नगरपालिकेकडं पैसा नाही. त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणली. वाळूतून झिरपून येणारं पाणी आपोआप गाळलेलं. १८९५ पर्यंत ते काम उरकलं. नवी यंत्रणा आणण्याआधी निसर्ग फुकटात काय करतोय ते बघायचं, ही त्यांची सवय इथंच दिसते.

खडकवासला

१८९९ च्या सुमारास पुणे भागाचं पाटबंधाऱ्यांचं काम त्यांच्याकडं आलं. मुठेवरचं खडकवासला धरण तेव्हा साधारण वीस वर्षांचं झालेलं. त्याच्या तलावाला फाईफ तलाव म्हणत. पुणे शहर, लष्कराची छावणी आणि कालव्यावरची शेती असे तीन मागणारे, आणि मागणी वाढती. दुसरीकडं दर पावसाळ्यात सांडव्यावरून सहा ते आठ फूट उंचीचं पाणी वाहून जायचं. उन्हाळ्यात टंचाई, पावसाळ्यात वाया. आपल्या होस्टेलच्या टाकीसारखंच.

धरणाची भिंत वाढवणं हा सरळ उपाय. पण तो महागडा, आणि जुन्या भिंतीवर भार वाढवणारा. सांडव्यावर साधे दरवाजे बसवावेत, तर पूर रात्री दोन वाजताही येतो. तेव्हा दरवाजे उघडायला माणूस पोचलाच नाही तर? आणि पूर ओसरल्यावर वेळेत बंद करायला विसरला तर? पहिल्या चुकीत धरण धोक्यात, दुसऱ्या चुकीत वर्षाचं पाणी गेलं.

विश्वेश्वरय्यांनी माणसाच्या जागरणावर अवलंबून नसलेले दरवाजे तयार केले. तत्त्व आपण अकरावीत शिकलेलं आर्किमिडीजचं. दरवाजांचा तोल एका जड वजनानं सांभाळलेला, आणि ते वजन एका लहान विहिरीत लटकवलेलं. तलावाचं पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं, की ते त्या विहिरीत येतं. पाण्यात बुडालं, की वजन हलकं होतं, तोल ढळतो आणि दरवाजे उघडतात. पूर ओसरला, विहिरीत पाणी येणं थांबलं, असलेलं पाणी निघून गेलं, की वजन पुन्हा जड होतं आणि दरवाजे मिटतात. ना मोटर, ना तार, ना चौकीदार. १९०३ मध्ये हे दरवाजे खडकवासल्याला बसले. तलावाची पातळी मूळ सांडव्याच्या वर सुमारे ८ फूट धरता आली. भिंत होती तेवढीच राहिली. या रचनेचं पेटंट त्यांच्या नावावर आहे. पुढं ग्वाल्हेरच्या तिगरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराज सागरावरही असे स्वयंचलित दरवाजे आले.

इथं मी वाचता वाचता थांबलो. आपण 'स्वयंचलित' म्हटलं की उघडण्याकडं बघतो. खरी कमाल मिटण्यात आहे. पुराच्या वेळी पाण्याला जायची परवानगी द्यावीच लागते. ती कारण संपताक्षणी परत घेणं, हे अवघड काम. आमच्या क्लाऊडवर नेमकं तेच राहिलं होतं. डेमोच्या रात्री परवानगी दिली, ती काढायला विसरलो. त्या परवानगीलाच तारीख जोडली असती, तर फोल्डर वाचला असता. आम्ही दरवाजा उघडणारी यंत्रणा केली होती, मिटणारी नव्हती.

ब्लॉक पद्धत

दरवाजापेक्षा अवघड काम कालव्यावर होतं, कारण तिथं लोखंड नव्हतं, माणसं होती. मुठा आणि नीरा कालव्यांवर जो मुखाजवळ तो भरपूर पाणी घ्यायचा, त्यात ऊस लावायचा, आणि शेपटाकडच्या गावाला पाट कोरडा. वर जास्त पाण्यानं जमिनी चिबड व्हायच्या, डास वाढायचे, हिवताप यायचा. पाणी मागायचा अर्ज पिकापुरता आणि हंगामापुरता, त्यामुळं कालव्यावर कुणाला किती मिळणार याचा पत्ता कुणालाच नसायचा.

विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत मांडली. कालव्याखालची जमीन ठराविक गटांत बांधायची. गटाला पाणी ठराविक वर्षांसाठी मंजूर करायचं. गटात साधारण तिसऱ्या हिश्श्यावर उसासारखं जास्त पाण्याचं पीक, बाकीच्यावर कमी पाण्याची पिकं, आणि दरवर्षी पाळी फिरवायची. पाणी पाळीनं, मोजून. म्हणजे एकाच गावानं सगळं पिऊन न टाकता अनेक गावांना थोडं थोडं मिळेल. फडाची आठवण आली ना?

लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. बागायतदार चिडले, वर्तमानपत्रांतून टीका झाली. ज्यांना अमर्याद पाणी मिळत होतं त्यांना हा अन्याय वाटणं साहजिकच होतं. विश्वेश्वरय्यांनी कालव्यावर जाऊन शेतकऱ्यांशी बोलणी केली, योजना समजावून सांगितली, सोयीप्रमाणं बदल केले आणि मग ती लावली. पुढं दख्खनच्या कालव्यांवर ब्लॉक हा शब्द इतका रुळला, की आजही आपल्याकडचे जुने बागायतदार पाण्याच्या मंजुरीला ब्लॉकच म्हणतात. माळशिरस-पंढरपूरकडं नीरा उजव्या कालव्यावर ज्यांची शेती आहे, त्या मित्रांनी आजोबांना विचारून बघा.

यात आमच्यासाठी दुसरा धडा होता. जुना नियम रद्द करायचा, तर आधी त्यावर कोण जगतंय हे बघावं लागतं. आमच्या वर्कफ्लोनं ते बघितलंच नव्हतं. ॲमेझॉनच्या क्लाऊडवर तर आपण बनवलेली पॉलिसी कुणाला जोडलेली असेल, तर ती थेट डिलीट होतच नाही. आधी प्रत्येक युजर, ग्रुप आणि रोलपासून ती सोडवायची, जुन्या आवृत्त्या काढायच्या, मगच मूळ पॉलिसी जाते. पहिल्यांदा एरर आली तेव्हा आम्हाला तो अडथळा वाटला. म्हणून आम्ही 'जिथं जोडलेली असेल तिथून ओढून काढ' असा कोड लिहिला आणि साईट बंद पाडली. ती एरर म्हणजे कालव्यावरचा शेतकरी होता. तो सांगत होता, की बाबा, मी अजून या पाण्यावर आहे.

पुढचं आयुष्य

पुण्याच्या त्या दिवसांत रानडे आणि गोखले यांच्यासारख्यांचा सहवास त्यांना लाभला. खात्यात भराभर बढत्या मिळाल्या. पण चीफ इंजिनिअरच्या खुर्चीपर्यंत भारतीयानं पोचणं तेव्हा जवळजवळ अशक्य होतं. १९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. वय सत्तेचाळीस. आपल्याकडं या वयात लोक पेन्शनचा हिशेब मांडतात.

त्याच वर्षी २८ सप्टेंबरला हैदराबादला मुसी नदीचा भयानक पूर आला. हजारो माणसं गेली. निजाम सरकारनं विश्वेश्वरय्यांना बोलावलं. शहराच्या वरच्या बाजूला पूर अडवणारे तलाव करावेत, असा आराखडा त्यांनी दिला. उस्मान सागर आणि हिमायत सागर हे त्यातून उभे राहिले. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे चीफ इंजिनिअर झाले, १९१२ ते १९१८ दिवाण. कावेरीवरचं कृष्णराज सागर १९११ मध्ये सुरू झालं. म्हैसूरची बँक १९१३ ची, म्हैसूर विद्यापीठ १९१६ चं, बंगळूरचं इंजिनिअरिंग कॉलेज १९१७ चं. १९३४ मध्ये त्यांनी देशाच्या नियोजित अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं, तेव्हा स्वातंत्र्य तेरा वर्षं दूर होतं. १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं. नव्वदी ओलांडल्यावरही बिहारात गंगेवरच्या मोकामा पुलाची जागा ठरवायच्या कामात ते होते.

कावेरीची पुढची गोष्टही आपल्या विषयाची आहे. म्हैसूर आणि मद्रास यांच्यात १९२४ मध्ये पाणीवाटपाचा करार झाला. त्यातल्या काही गोष्टींचा पन्नास वर्षांनी फेरविचार व्हायचा होता. १९७४ उजाडलं तेव्हा एक राज्य म्हणालं करार संपला, दुसरं म्हणालं संपलेला नाही. १९९० मध्ये लवाद नेमावा लागला, २००७ मध्ये निवाडा आला, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. दोन राज्यांतली बस वाहतूक बंद पडण्यापासून दंगलीपर्यंत सगळं झालं. नियम कधी आणि कसा संपणार हे स्वच्छ लिहिलं नाही, तर त्याची किंमत नातवंडं भरतात.

१२ जुलै १९६१

आता एक दुःखाचं पान. ते गाळलं, तर हा लेख नुसता हार घालण्यासारखा होईल. १२ जुलै १९६१ ला खडकवासल्याच्या वर बांधकाम चालू असलेलं पानशेतचं मातीचं धरण फुटलं. त्याच्या लोंढ्यापुढं खडकवासलाही त्याच दिवशी फुटलं, आणि पुण्याचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते, शंभरीच्या उंबरठ्यावर.

यात त्यांच्या दरवाजांचा दोष नव्हता. ते मुठेच्या पुरासाठी होते, वरचं अख्खं धरण रिकामं होऊन अंगावर येईल यासाठी नव्हते. पण मला यातून एवढं कळलं, की आपोआप चालणारी कुठलीही गोष्ट तिला शिकवलेल्या मर्यादेतच शहाणी असते. मर्यादेबाहेर काय करायचं, हे माणसानं आधी ठरवून ठेवायचं असतं. आज खडकवासल्याला ते जुने दरवाजे नाहीत, पुन्हा बांधलेल्या धरणावर नव्या पद्धतीचे आहेत.

एप्रिल १९६२ मध्ये बंगळूरला विश्वेश्वरय्या गेले. वय शंभर.

आपल्या गावापर्यंत

हे सगळं पुण्याचं आणि म्हैसूरचं, आपल्याला सोलापुरात काय त्याचं, असं कुणी म्हणेल. तर बघा. खडकवासल्यातून सुटलेलं पाणी मुठेतून मुळा-मुठेत, तिथून भीमेत आणि भीमेतून आपल्या उजनीत येतं. उजनीचे दरवाजे उघडले, की पंढरपुरात चंद्रभागेचं वाळवंट पाण्याखाली जातं. उशिरा उघडले तर पूर, उशिरा मिटले तर उन्हाळ्यात हाल. सोलापूरकरांनी वर्षानुवर्षं काही दिवसांआड येणाऱ्या नळासाठी पिंपं भरून ठेवली आहेत. दार वेळेवर मिटणं म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून शिकायची गरज नाही.

आमच्या प्रोजेक्टचं पुढं काय झालं? वर्कफ्लो आम्ही पुन्हा लिहिला. आता तो आधी नुसती यादी काढतो, काही डिलीट करत नाही. प्रत्येक पॉलिसी कुणाला जोडलेली आहे आणि शेवटची कधी वापरली गेली, हे लिहितो. जी कुणालाच नको ती बाजूला काढतो, आठ दिवस वाट बघतो, तिची प्रत जपून ठेवतो आणि मगच काढून टाकतो. काय काढलं त्याची नोंद राहते. एका वेळी दहाच्या वर पॉलिस्या निघायला लागल्या, तर तो थांबतो आणि माणसाला विचारतो. पानशेतचं पान वाचल्यावर ही शेवटची अट आम्ही घातली. नव्या तात्पुरत्या परवानगीला तारीख घातल्याशिवाय ती द्यायचीच नाही, असंही ठरलं.

गेलेला फोल्डर परत आला नाही. सगळ्या चाचण्या पुन्हा केल्या, चार रात्री मेसच्या चहावर काढल्या आणि सबमिशन कसंबसं झालं.

येत्या १५ सप्टेंबरला फोटोला हार घालताना मी त्या विहिरीत लटकणाऱ्या वजनाची आठवण काढणार आहे. तुम्हीही काढा. आणि होस्टेलवर परत आलात, की आपण कुणाकुणाला कशाची परवानगी देऊन विसरलोय, ते एकदा तपासा. वायफायच्या पासवर्डपासून सुरुवात केलीत तरी चालेल.

— अंतिम वर्ष, संगणक विभाग